अजगराखालची ओल

बेळगावच्या एका नर्सरीत मी कुंड्यांसाठी कोकोपीट घ्यायला गेले होते. तिथं साठीचे एक गृहस्थ एका जागी उभे राहत नव्हते. नारळाच्या सालीचे तुकडे हुंगायचे, शेवाळ चिमटीत चुरडायचे, भिजवलेल्या कोकोपीटची मूठ दाबायचे, सोडायचे, परत दाबायचे.

"कसली झाडं लावताय?" मी विचारलं.

"झाडं न्हाईत ओ आक्का, अजगर हाय. परदेशी, रीतसर कागद केलेला. लेक नोकरीला बेंगळूरला गेली, जाताना माझ्या हातात दिऊन गेली."

त्यांचा जन्म निपाणीत तंबाखूच्या वखारीत गेला होता. पान चुरगळून ओल सांगायची, हेच त्यांचं काम. त्याच भरवशावर त्यांनी अजगराच्या पेटीत अंथरलेलं कोकोपीट तंबाखूसारखं पाणी शिंपून ओलं ठेवलं आणि त्याच्या पोटाला फोड आले. घाबरून कोरडं ठेवलं, तर कात डोळ्यावरच अडकली.

"लेक म्हणत्या, आप्पा, जमत नसंल तर दिऊन टाकू कुणाला तरी. आता कसं देऊ? सकाळी उठलो की पयलं त्यालाच बघतोय."

मग त्यांनी मूठभर ओलं कोकोपीट माझ्यापुढं धरलं. "डॉक्टर म्हणालेत, गोळा व्हावा पण पाणी गळू नये. तुम्हीच सांगा. माझ्या हाताला काय कळंना झालंय."

मी ते हातात घेऊन दाबून पाहिलं. "बरोबर आहे."

"नक्की?"

नीट कळलं नसलं तरी हो म्हणायला माझी जीभ कधी अडत नाही. पण त्यांची नजर माझ्या बोटांवर खिळली होती. मी पुन्हा मूठ दाबली.