कांद्याच्या वावरात उतरायची तालीम

सातपूरहून सकाळी सहाला निघालो तेव्हा पहिल्या पाळीचे लोक मोटारसायकलींवरून कारखान्यांकडे चालले होते. माझ्या बॅगेत चार दिवसांचे कपडे, ॲसिडिटीच्या गोळ्या, नकाशा आणि बायकोने दिलेली चिवड्याची पिशवी होती. "विमान चालवायला चाललात की कुणाच्या लग्नाला?" असं तिने दारातून विचारलंच. कुठला शर्ट बरा दिसेल, हे आदल्या संध्याकाळी मीच तिला तीनदा विचारलं होतं.

वय वर्षं एक्कावन्न. सातपूरला माझं लहानसं वर्कशॉप आहे. चार लेथ, सहा माणसं. पन्नाशीत माणसाला एक तर गुडघे छळतात नाही तर हौस. मला दोघांनी एकदमच गाठलं. गुडघ्यांना तेल लावलं आणि हौसेपायी विमान शिकायला नाव घातलं. नोकरी नाही करायची, फक्त स्वतःपुरता परवाना. हे सगळ्या सातपुरात सांगून मोकळा झालो, ही पहिली चूक.

सटाण्याच्या बसमध्ये शेजारी झेंडूची क्रेट घेतलेले एक गृहस्थ होते. देवळा येईपर्यंत त्यांनी माझं गाव, कूळ आणि धंदा काढून घेतला.

"आणि आता कुठं?"

"विमान शिकतोय. परीक्षा आलीय."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मंग यष्टीनं का बरं चालले?"

मी चिवड्याची पिशवी उघडून त्यांच्यापुढे धरली.

धावपट्टी सटाण्याच्या पुढे एका उघड्या माळावर आहे. नाव सांगत नाही, माझ्यामुळे त्यांची बदनामी नको. फेब्रुवारीचे दिवस होते, हवेत गारवा, आणि दूर वायव्येला साल्हेरचा डोंगर निळा दिसत होता. फाटकावरच्या वॉचमनने मला थांबवून मोठ्या आपुलकीने विचारलं, "पोरगी शिकती का इथं? लय गुणाची पोरं हाईत." मीच शिकतो म्हटल्यावर त्याने फाटक उघडलं, पण सलाम केला नाही.

मला शिकवणाऱ्या कॅप्टन मॅडम नाशिकच्याच, सव्वीस वर्षांच्या. मी त्यांना मॅडम म्हणतो, त्या मला काका म्हणतात. विमान दोन जणांचं, इतकं लहान की आत बसताना आधी पोट ठेवावं लागतं आणि मग स्वतः बसावं लागतं. बाकी सगळं मला बऱ्यापैकी जमत होतं. उड्डाण, वळणं, धावपट्टीवर उतरणं, रेडिओवर बोलणं. रेडिओवर मी जरा जास्तच बोलतो, एवढीच तक्रार होती. अडलं होतं ते एकाच ठिकाणी.

ते असं. उडता उडता मॅडम हळूच थ्रॉटलचा दांडा मागे ओढतात, इंजिनाचा आवाज बसतो आणि त्या म्हणतात, "काका, इंजिन गेलं." आता आपण खाली एखादं शेत निवडायचं, वारा बघायचा आणि विमान तरंगत तिथवर न्यायचं. खरं उतरायचं नसतं. पाचशे फुटांवर मॅडम पुन्हा इंजिन वाढवतात आणि आपण वर निघून येतो. शेत बरोबर निवडलं असलं तर उत्तम. नाही तर मॅडम शांतपणे म्हणतात, "काका, आपण मेलो."

आम्ही आतापर्यंत पाचदा मेलो होतो.

कारण सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मला पीक असलेल्या शेतात उतरता येत नाही. मी मूळचा नामपूरचा, कांदेवाल्या घरातला. आमच्याकडे वावरात (शेतात) पाऊल टाकायचं ते बांधावरून. वाफ्यात पाय पडला की वडील हातातलं खुरपं खाली ठेवत आणि मग बोलावत. खुरपं खाली ठेवत, कारण दोन्ही हात मोकळे लागायचे. तेव्हा मॅडमनी "इंजिन गेलं" म्हटलं की बाकीचे विद्यार्थी सपाट, लांब जागा शोधतात आणि मी खाली कोणाचं काय लावलंय ते बघत बसतो. हा गहू ओंबीवर आलाय. त्या द्राक्षांना तारा आहेत, शिवाय हंगाम. त्या पलीकडच्या तुकड्यात नवी मेथी दिसते, बिचाऱ्याची पहिलीच काढणी असेल. असं करता करता उंची संपते आणि मी एखाद्या पडीक, दगडधोंड्याच्या माळाकडे वळतो.

"काका, तिथे दगड आहेत," मॅडम म्हणतात.

"पण पीक नाहीये ना."

"काका, आपण मेलो."

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मोसम नदीच्या खोऱ्यावर होतो. खाली नामपूर दिसलं, बाजार समितीचे पत्रे चमकत होते, आणि मी जरा खुशीत येऊन मॅडमना शाळा दाखवू लागलो. त्यांनी तेवढ्यात थ्रॉटल ओढला.

नाकासमोर एक लांबट, सपाट, वाऱ्याच्या बरोबर दिशेत असलेलं शेत होतं. तार नाही, झाड नाही. पुस्तकात चित्र काढावं तसं. ते माझ्या मोठ्या भावाचं, दादाचं. त्यात रांगडा कांदा (पावसाळ्याच्या शेवटी लावून हिवाळ्यात काढतात तो) उभा होता, हिरवागार. मी ते पाहिलं, ओळखलं आणि विमान डावीकडे नाल्याकडे वळवलं.

या वेळी मॅडम "मेलो" म्हणाल्या नाहीत. खाली उतरल्यावर हेडफोन काढून म्हणाल्या, "काका, समोर इतकं छान शेत होतं. का सोडलंत?"

"भावाचं होतं."

"म्हणजे?"

"कांदा आहे त्यात."

त्यांनी कपाळाला हात लावला. मग त्या जे म्हणाल्या ते हसण्यासारखं नव्हतं. पुढच्या मंगळवारी परीक्षक येणार. त्याआधी माझ्या वहीत मॅडमची सही लागते. उद्या सकाळी आठला शेवटचं उड्डाण, आणि त्यात मी पुन्हा असंच केलं तर त्या सही करणार नाहीत. "परीक्षेत नापास व्हाल म्हणून नाही, काका. एक दिवस इंजिन खरंच बंद पडेल आणि तुम्ही कुणाची तरी मेथी वाचवताना मराल. माझी सही असेल खाली."

सही नाही म्हणजे मंगळवार गेला. मंगळवार गेला म्हणजे परीक्षक पुन्हा येणार एप्रिलात, आणि मार्चअखेर लेखी पेपरांची मुदत संपते, म्हणजे सगळे पेपर नव्याने. हवामानाच्या पेपरात मी तिसऱ्या खेपेला सुटलो होतो. पुन्हा ते ढगांचे प्रकार पाठ करणं मला या जन्मी शक्य नव्हतं. पेपर गेले की हौसही गेली, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि खरं सांगायचं तर मॅडमच्या बोलण्याने मी घाबरलो. इतके दिवस मी हा सगळा आपल्या चांगुलपणाचा किस्सा म्हणून सांगत होतो.

संध्याकाळी खोलीवर बसवेना, म्हणून जीप पकडून नामपूरला गेलो. दादा चौसष्ट वर्षांचा. बोलतो कमी, आणि बोलतो ते अहिराणीत. वहिनींनी कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून करतात ती) आणि वांग्याचं भरीत केलं होतं. भरितात मिरची अशी की दुसऱ्या घासाला मी विमान वगैरे विसरलो. "बापू, जेवी ले आधी, मंग बोल," वहिनी म्हणाल्या. घरात मी बापू.

जेवताना मी दादाला सगळं सांगितलं. थ्रॉटल म्हणजे काय, सही म्हणजे काय, आणि त्याचं वावर कसं पुस्तकातल्यासारखं आहे. उद्या आठच्या सुमारास आम्ही पुन्हा इथेच येऊ, हेही सांगितलं. खरंखुरं उतरत नाहीत, पाचशे फुटांवरून परत वर जातात, हे मी हातवारे करून दोनदा समजावलं. दादा भाकरी कुस्करत ऐकत होता.

"वावर चांगलं शे," तो शेवटी म्हणाला. "सपाट शे." (शेत चांगलं आहे, सपाट आहे.)

"तेच ना."

"पन कांदा निंघाले पंधरा दिस शेत." (पण कांदा निघायला पंधरा दिवस आहेत.)

"हो."

त्याने बराच विचार केला. "परीक्षा पंधरा दिस पुढे ढकलाले सांग ना त्यासले."

मी सल्ला मागायला आलो होतो आणि माझ्यासारखाच एक माणूस मला भेटला होता. निघताना त्याच्या पाया पडलो. त्याने "सांभाळीसन जा" म्हटलं आणि तो पाण्याच्या मोटारीचं बटण बघायला निघून गेला. मला थोडं वाईट वाटलं. आपल्या भावाने निदान "उतर माझ्या वावरात, काय व्हायचं ते होऊ दे" एवढं तरी म्हणावं, अशी माझी अपेक्षा होती. मी स्वतः सकाळीच नाल्याकडे वळलो होतो, हे तेव्हा सोयीस्करपणे विसरलो.

सकाळी आठ. हवा स्थिर, थंडी बोचरी. मॅडमनी नामपूर जवळ येईपर्यंत काही केलं नाही. मी मनात घोकत होतो, पीक बघायचं नाही, सपाट बघायचं, वारा बघायचा. मग आवाज बसला.

"काका, इंजिन गेलं."

मी खाली पाहिलं आणि माझं घोकलेलं सगळं उडून गेलं. दादाच्या वावरात, अगदी मधोमध, कांद्याच्या वाफ्यात एक माणूस उभा होता. पांढरा सदरा, पांढरी टोपी. खांद्यावरचं उपरणं दोन्ही हातांनी डोक्यावर फिरवत होता. वरून त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण उभं राहण्याची ढब मी पन्नास वर्षं पाहिलेली होती. वाफ्यात उभा राहिलेला दादा मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो.

नाक खाली केलं, वारा धरला, त्या वावराच्या टोकाला विमान लावलं. डावीउजवीकडे पाहिलं नाही. कांदा दिसत होता, पातीन्‌पात दिसत होती, तरी पाहिलं नाही. आठशे फूट. सहाशे.

"शेत छान निवडलंत," मॅडम म्हणाल्या. "वेगही बरोबर. पण मध्ये तो माणूस कोण आहे?"

"भाऊ."

"त्यांना बाजूला व्हायला सांगा ना!"

"मॅडम, ते बाजूला होणारे नाहीत."

पाचशे फुटांवर त्यांनी थ्रॉटल पुढे सारला. विमान वर उचललं गेलं. मी मान वळवून पाहिलं, तर दादा बांधाकडे धावत निघाला होता आणि धावता धावता अजूनही उपरणं फिरवत होता. मला चष्मा काढून पुसावा लागला. मॅडमनी तेवढा वेळ विमान स्वतःकडे घेतलं आणि काही विचारलं नाही.

खाली आल्यावर त्यांनी हँगरच्या टेबलावर माझी वही ओढली आणि सही केली. "आज मेलो नाही, काका." मी आभार मानून बाहेर आलो आणि विमानाच्या पंखाखाली जरा वेळ उभा राहिलो. फोन वाजला. दादा.

"काब्रं नही उतरना?" (का नाही उतरलास?) आवाजात राग होता. "मी इतला हात दाखाडना." (मी एवढा हात दाखवला.)

"दादा, रात्री सांगितलं होतं ना, खरं उतरत नाहीत म्हणून."

"ते ऐकं मी. पन तुन्हं खरंच बंद पडतं तं?" (पण तुझं खरंच बंद पडलं असतं तर?)

मग तो दुसऱ्याच कुणाची तक्रार सांगावी तसा म्हणाला, "पाईप काढी ठेवेल व्हतात ना सगळा. आते परत लावना पडतीन." (पाईप सगळे काढून ठेवले होते ना. आता परत लावावे लागतील.)

पाईप म्हणजे कांद्याला पाणी देणारे तुषार सिंचनाचे. ते वावरभर आडवे पसरलेले असतात, आणि त्यांत विमानाचं चाक अडकलं तर उलटं व्हायला वेळ लागत नाही. हे मला पुस्तकात वाचूनही सुचलं नव्हतं. दादाला सुचलं होतं. पहाटे साडेपाचला उठून, बॅटरी तोंडात धरून, त्याने एकट्याने एकेक पाईप सोडवला होता आणि बांधावर नेऊन ठेवला होता. हे वहिनींनी सांगितलं, त्याने नाही.

परतीची बस सोडली आणि आधी नामपूरला गेलो. दुपारभर आम्ही दोघांनी पाईप परत जोडले. एकेक पाईप दोघं मिळून उचलत होतो, आणि सहाव्या पाईपला माझी कंबर धरली. दादाने माझ्याकडे पाहून मान हलवली आणि उरलेले एकट्याने नेले. तो जिथे उभा राहिला होता तिथला हातभर कांदा आडवा झाला होता.

सातपूरला पोचलो तेव्हा दुसरी पाळी सुटत होती. बायकोने सही पाहिली, कंबरेला बाम लावला, आणि विमानाच्या परीक्षेत कंबर कशी धरते असं विचारलं. मी जमेल तसं सांगितलं. मंगळवारी परीक्षक काय करतील ते करोत, पास करतील किंवा ढगांच्या प्रकारांकडे परत पाठवतील. पण इंजिन खरंच बंद पडलं तर कुठे उतरायचं, ते मला आता माहीत आहे.