मंगलाबाईंची पत्र्याची खोली

मंगलाबाईंनी मुसळाने नवऱ्याचं मनगट मोडलं तेव्हा मी आमच्या गल्लीत नुकताच राहायला आलो होतो. नवरा दारू पिऊन रोज मारायचा आणि गल्ली रोज ऐकायची. मग एकदा त्याने पोटुशी असलेल्या बाईंना लाथ घातली. पोर गेलं. बाई दवाखान्यातून परत आल्या त्या आधी मुसळापाशी गेल्या, मग नवऱ्यापाशी. तो पळाला तो पुन्हा सुरतेत दिसला नाही. "बाईच्या जातीने असं करू नये," म्हणणारे सज्जन त्या दिवशीही निघालेच. गल्लीत सज्जनांचा कधी दुष्काळ नसतो.

सुरतेतल्या पर्वत पाटिया नाक्याच्या अलीकडची ही गल्ली सगळी खानदेशी. कुणी लूमवर, कुणी कापड मार्केटात गाठोडी वाहणारा. मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवतो, म्हणून मला सगळे मास्तर म्हणतात आणि माझं कुणी ऐकत नाही. मंगलाबाई मात्र बोलल्या की गल्ली ऐकते. खाली त्या मिरची-मसाला कांडून देतात. वर लोखंडी जिन्याने चढून जायची एक पत्र्याची खोली आहे. गावाहून नवा आलेला माणूस महिना-पंधरा दिवस तिथे राहतो, कामधंदा बघतो, दुसरीकडे जागा मिळाली की जातो. निम्म्या गल्लीचं सुरतेतलं पहिलं घर म्हणजे ती खोली.

आलेल्या माणसाला आधी जेवायला वाढायचं आणि मग त्याच्या घरी फोन करायचा, हा बाईंचा शिरस्ता. "तुमना आंडोर पोचना, जेवना, आते झोपना. काळजी करू नका." पलीकडे आई रडायची, आशीर्वाद द्यायची. पोराला लाज वाटून तो तोंड फिरवायचा. या फोनचा बाईंना मुसळापेक्षा जास्त अभिमान होता.

माघात उज्ज्वला आली. पंचविशीची पोर, ओठ फाटलेला, पाठीवर एक बोचकं आणि दोरीला बांधलेला तांबडा गावठी कुत्रा. कुत्र्याचा एक कान मुळापासून गेलेला. सकाळपासून ती खोली शोधत फिरत होती. एका सोसायटीच्या वॉचमनने "कुत्ता नहीं, अकेली औरत भी नहीं" असं सांगून काठी उगारली. एका मेसवाल्याने सांगितलं, कुत्रा सोडून ये, तू चालशील. तो ज्या नजरेने तिच्याकडे बघत होता त्यावरून ती काय समजायचं ते समजली. तिसऱ्या ठिकाणी वरच्या मजल्यावरून कुणीतरी उकळतं पाणी ओतलं. कुत्र्याच्या पाठीवरची कातडी सोलून निघाली होती.

आमच्या गल्लीत स्वागताला दगा होता. दगा माझ्या शेजारचा, लूमवर काम करतो, शेजारणीच्या कोंबडीलाही घाबरतो. त्याने अर्धी वीट उचलून कुत्र्याच्या बरगडीत घातली. कुत्रा केकाटला, गल्लीतले हसले, आणि मंगलाबाई मुसळ घेऊन बाहेर आल्या.

"कोन मारं रे मुक्या जनावरले?"

दगा घरात. बाईंनी पोरीला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. विचारलं, "कितला दिन राहशी?"

"एक महिना, मावशी. होळीनंतर सचिन गावले गोडाऊनवर राखनीनं काम शे. तठली खोली तवय खाली व्हई. त्या सेठले कुत्रंवाला मानूसच पाहिजे."

"चावस का हाऊ?"

"मना नवराले चावना."

"मंग चांगला शे," बाई म्हणाल्या आणि जिन्याची किल्ली तिच्या हातात दिली.

तिचा नवरा योगेंद्र बारडोलीला उसाच्या ट्रॅक्टरवर होता. ऊस तोडायचा कोयता घरात असायचा आणि तो तिच्यावरही उगारायचा. एकदा टिप्या, म्हणजे हा कुत्रा, मध्ये पडला. त्याचा कान गेला, पण योगेंद्रच्या मांडीचा लचका निघाला. तेव्हापासून तिचं आणि कुत्र्याचं, दोघांचंही मरण ठरलेलं होतं. कुत्र्याला मागे ठेवलं असतं तर त्याने दुसऱ्या दिवशी तोडला असता. म्हणून ती त्याला घेऊनच पळाली. अशा पोरीला लोक विचारत होते, कुत्रा सोडून का येत नाहीस.

एवढं सांगून ती हात जोडून म्हणाली, "मावशी, मी आठे शे, हाई कोनले सांगू नको. मनी मायले बी नही."

बाई हो म्हणाल्या. तेव्हा खरंच त्यांच्या मनात हो होतं.

पुढच्याच आठवड्यात दगाने पाइपने टिप्याला डिवचलं आणि टिप्याने त्याची पोटरी फोडली. दगाने चार माणसं जमवली, हातात फळ्या नि सळया. मंगलाबाई जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. पहिला पुढे आला त्याच्या बोटांवर मुसळ बसलं. नख उडून माझ्या ओट्यावर पडलं. बाकीच्यांना एकदम कामं आठवली. पण पोटरीतून रक्त येत होतं आणि गल्लीत लेकरं खेळतात, हेही खरं होतं. मीच मध्ये पडून तोड काढली: दिवसा कुत्रा साखळीने जिन्याला बांधायचा. मध्यस्थी केल्याबद्दल मी स्वतःवर फार खूश झालो होतो.

उज्ज्वला वर बसून साड्यांचे धागे कापायची. मार्केटातून गाठोडं आणून द्यायची सोय बाईंनीच केली होती. खायची कमी, झोपेत ओरडायची जास्त. एकदा ओरडताना तिने "माय व" म्हटलं आणि तिथेच मंगलाबाई फसल्या. त्यांच्या मनाने घेतलं की पोरीचा जीव आईसाठी तुटतोय आणि तिकडे आई अन्नपाणी सोडून बसली असेल. दगाची बायको उज्ज्वलाच्याच गावची निघाली. तिच्याकडून नंबर मिळाला.

"बहिन, तुमनी आंडेर मनाजोडे शे. सुखी शे. कोनले सांगू नका, जावईले तं बिलकूल नका."

पलीकडून आई रडली, आशीर्वाद दिला, पत्ता विचारून घेतला. आमच्याकडे पोरीच्या आईला एकच भीती असते, नांदती पोर घरी आली तर चार माणसं काय म्हणतील. त्या भीतीपुढे पोरीचा जीव काय चीज! आईने जावयाला सांगितलं. वाईटाने नव्हे, संसार जुळावा म्हणून. मला अशा चांगुलपणाची चीड येते, तेव्हाही आली, आजही येते.

दुसऱ्या दिवशी दुपारी योगेंद्र आला. गोणपाटात कोयता गुंडाळलेला होता. माझी शाळा सकाळची, मी ओट्यावर बसलो होतो. त्याने कुणाला काही विचारलं नाही. जिन्याशी बांधलेला कुत्रा दिसला आणि त्याने गोणपाट सोडलं.

टिप्या साखळी ताणून त्याच्या अंगावर गेला, पण साखळी पुरली नाही. पहिला घाव मागच्या पायावर बसला. पाय कातडीला लोंबकळला. दुसऱ्या घावासाठी योगेंद्र वाकला तेव्हा कुत्र्याने त्याच तुटल्या पायाने उडी घेऊन त्याचा हात धरला. किंकाळी कुत्र्याची की माणसाची ते कळेना. उज्ज्वला धावत खाली आली. त्याने कुत्र्याला झटकलं, तिचे केस धरले आणि तिचं डोकं जिन्याच्या लोखंडावर आपटलं. मग पुन्हा आपटलं. साऱ्या गल्लीची दारं उघडी होती आणि दारातून एकही जण बाहेर येत नव्हता. मीही नाही. मी ओट्यावरच बसून राहिलो.

मंगलाबाई आल्या. "बाजूले व्हय, म्हातारे, बायको मनी शे!" तो ओरडला. बाईंचं मुसळ त्याच्या कोपरावर उतरलं, हाड वाजलं, कोयता खाली पडला. त्याने बाईंच्या पोटात लाथ घातली. तीच जागा. बाई दुमडून खाली पडल्या, मुसळ घरंगळत गटाराकडे गेलं. मग तो चांगल्या हाताने उज्ज्वलाचा गळा आवळू लागला. तिचे डोळे पांढरे झाले. चाचपडताना तिच्या हाताला कोयता लागला.

तिने तो त्याच्या टाचेच्या वर घातला. शीर तुटल्यावर माणूस एकदम खाली बसतो, तसा तो बसला. ती उठली. कपाळातून रक्त डोळ्यात उतरत होतं. तिने कोयता पुन्हा वर उचलला. या वेळी नेम मानेवर होता. मारणार होती, यात मला तिळमात्र शंका नाही, आणि खरं सांगतो, तिने मारावं असं मला वाटत होतं.

मंगलाबाईंनी जमिनीवरूनच तिचा घोटा पकडला. "बस, बेटा. याना करता तू जेलमा जाशी का?"

कोयता बाईंनी तिच्या हातातून काढून घेतला, आपल्या पदराला पुसला आणि स्वतःच्या मुठीत धरून भिंतीला टेकून बसल्या. "फोन मी कया व्हता," त्या म्हणाल्या. "तुनी मायले. भोगसू बी मीच."

उज्ज्वलाने त्यांच्याकडे असं पाहिलं की मला मान खाली घालावी लागली. साखळी सोडून तिने टिप्याला मांडीवर घेतलं आणि ओढणीने त्याचा पाय आवळून बांधला. कुत्रा जगला, तीन पायांवर का होईना.

पोलिसांची जीप आली. योगेंद्र दवाखान्यात न्यायला आणलेल्या रिक्षात आडवा पडून ओरडत होता, "बायको ने मारा! मेरी बायको ने काटा!"

"मैंने मारा, साहेब," मंगलाबाई म्हणाल्या. "लिखो."

उज्ज्वलाने तोंड उघडलं. "साहेब, कोयता तर मी..." पुढचं बोलायच्या आत बाईंनी तिच्या थोबाडीत अशी ठेवून दिली की ती जिन्यावर बसली. "गप बठ. बठी राह."

हवालदार गोंधळला. त्याने दगाला विचारलं. दगा म्हणाला, "मैं तो अंदर था, साहेब, कुछ देखा नहीं." तेवढं मात्र त्याचं खरंच असावं. बाकीच्यांनीही तेच सांगितलं. आयुष्यभर दुसऱ्याच्या घरात डोकावणारी गल्ली अचानक आंधळी झाली. म्हणजे उरला नवऱ्याचा शब्द, आणि शिकलेला माणूस म्हणून मी.

"मास्तर, तमे शुं जोयुं?" तुम्ही काय पाहिलंत, असं हवालदाराने मला विचारलं.

खरं बोललो तर उज्ज्वला आत जाणार, कुत्रा रस्त्यावर येणार, आणि योगेंद्र बरा होऊन बाहेर तिची वाट बघणार. खोटं बोललो तर मंगलाबाई जाणार. उज्ज्वलाने स्वतःला वाचवायला वार केला, कोर्टात सोडतील, असं मला एका वकिलाने नंतर समजावलं. तेव्हा तिथे वकील नव्हता. मंगलाबाई माझ्याकडे बघत होत्या. पोटावर एक हात दाबलेला, दुसऱ्यात कोयता. मला वाटलं, चुकीचं उत्तर दिलं तर त्या उठून मलाही मारतील.

"मंगलाबाईंनी मारलं," मी म्हणालो.

"पाकुं?"

"पक्कं. मी डोळ्यांनी पाहिलं."

बाई भिंत धरून उठल्या. कुणी हाताला धरायला गेलं तर झिडकारलं आणि आपल्या आपण जीपमध्ये चढून बसल्या. उज्ज्वला कुत्र्याला मांडीवर घेऊन जिन्यावर बसली होती. तिला कुणीही हात लावला नाही.