लेखी द्या, सुनावणीला या

नोकरीत किस्से कसे साचत जातात ते कळतच नाही. निवृत्त होताना ऑफिसनं कपाटाची किल्लीसुद्धा मागून घेतली, किस्से तेवढे माझ्याकडे राहिले! विजेचे दर ठरवणाऱ्या आयोगातल्या एका सदस्यांचा मी स्टेनो. साहेब मूळचे पातूरचे. वऱ्हाडाचे ते दिवस वाईट होते. कापसाला भाव नाही, विहिरीत पाणी असलं तर मोटरला वीज नाही. तरी साहेबांबरोबरचे ते दौरे आठवले की जीव हळहळतो.

*

अमरावतीची पहिली सुनावणी. साहेब कायदा समजावत सुटले. गादीवाले गफ्फारभाई बराच वेळ ऐकून शेवटी उठले. "साहेब, बोर्डावर सुनावणी लिवलं हाये. मंग आमी सुनवाचं, का तुमीच सुनवून राहाले?"

साहेब हसून खाली बसले. पुढे प्रत्येक गावी ते आधी लोकांना बोलू देत.

*

अकोल्यात वीज कंपनीचे अधिकारी दरवाढ का हवी ते पडद्यावर दाखवत होते, आणि लाइट गेली. मे महिना, वर पत्रे. लोकांनी हातातला छापील प्रस्ताव दुमडून वारा घ्यायला सुरुवात केली. साहेब माझ्या कानाशी म्हणाले, "चला, कोनाच्या तरी कामी आला."

*

साहेबांचा नियम कडक. विजेचं गाऱ्हाणं घरी, लग्नात, मयतीत ऐकायचं नाही. एकच उत्तर, लेखी द्या, सुनावणीला या. एका लग्नात पंगतीला बसेपर्यंत त्यांनी हे इतक्यांना सांगितलं, की वाढप्यानं "वरण?" विचारलं तर म्हणाले, "लेखी द्या!"

*

अकोल्याचीच शेवटची सुनावणी. शेतीला दिवसा वीज मिळावी, म्हणून पातूरच्या एक बाई अर्ज घेऊन उभ्या राहिल्या. भाजीचा मळा होता त्यांचा. वीज रात्रीच यायची, पाणी द्यायला अंधारात वाफ्यात उतरावं लागायचं. त्यांच्या यजमानांना साप चावला होता, थोडक्यात वाचले.

साहेबांचा चेहरा उतरला. शेजारी बसलेल्या आयोगाच्या दुसऱ्या सदस्य मॅडमना ते म्हणाले, "या माझ्या थोरल्या बहीण. हा अर्ज मला ऐकता येणार नाही." आणि खुर्ची मागे सारून उठले.

अक्कांनी पदर सावरला.

"बसा, साहेब. भावाले घरी लय सांगतलं, त्यानं आयकलं नाई. म्हनून तर तुमच्याकडं आली."