बसलेलं खांड

मसाजीकाकांना मी जे समजावलं ते बरोबर होतं की चूक, हे मला आजही कळत नाही. विचार करून करून डोक्याचा नुसता भुगा होतो.

काका म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, साखरा गावचे. उभा जन्म मेंढरांमागे गेला. शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण एवढ्या खांडात, म्हणजे कळपात, कोणतं मेंढरू आजारी पडणार हे दोन दिवस आधी सांगायचे. स्वतःचं मात्र लपवायचे. दोन वर्षं शौचातून रक्त जात होतं, मूळव्याध म्हणून ताक पीत राहिले. पंचफुलाकाकूला धोतर धुताना कळलं, तेव्हा तिनं घर डोक्यावर घेतलं. मग नांदेडला तपासलं. मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. सर्जन म्हणाले, अजून पसरलेला दिसत नाही, पंधरा दिवसांत काढून टाकू.

ही २००६ सालच्या फाल्गुनातली गोष्ट. मी तेव्हा औरंगाबादला एका प्रयोगशाळेत नेमक्या याच कॅन्सरच्या पेशींवर काम करत होते. झालं! घरात मीच विद्वान. मी गावी आले तशी काकांनी मला बाभळीखाली बसवून घेतलं. खांड दुपारचं सावलीला बसलं होतं.

"रागे, तू नेमकं काय करून राहिली तिथं?"

मी सांगितलं. पेशी एका जागी बसलेली असते. तिच्या आत एक जनुक असतं. ते जागं झालं की पेशी जागा सोडते, चालायला लागते. कॅन्सर मारतो तो असा चालल्यामुळं. जनुकाला उठवणारा निरोप बाहेरून येतो आणि पेशीत या हातातून त्या हातात जात त्याच्यापर्यंत पोचतो.

"मंग निरोपच आडवा की."

"अडवला ना काका. एक वाट औषधानं बंद केली. जनुक दोन दिवस गप्प बसलं आणि दुसऱ्या वाटेनं उठलं. त्यात एकच निरोप एका पेशीला उठवतो, दुसरीला बसवतो. आमच्या सरांनाही अजून उलगडा होत नाही."

"आनि ती चालती हे तुला दिसतं कसं?"

इथं मी माती खाल्ली. म्हणाले, "बशीत पेशींचा थर वाढवायचा आणि मधून एक रेघ ओरखडायची. जखम झाली की काठच्या पेशी उठून चालायला लागतात."

काकांनी पटका काढून मांडीवर ठेवला. मेंढरांकडं बोट दाखवलं.

"बसलेल्या खांडात हात घालायचा नसतो," ते म्हणाले. "एकाला धराया गेलं की समदं फुटतं. मी चाकू लावू देनार न्हाई."

"अहो काका, बशी वेगळी, माणूस वेगळं!"

"आता तूच सांगितलं ना?"

तिसऱ्या दिवशी ते खांड घेऊन आखाडा बाळापूरच्या बाजूला निघून गेले. काकूनं माझा उद्धार केला. "शिकून आली आन् मानूस माराया बसली गं!" मला संताप आला, काकांचा, काकूचा, सगळ्यात जास्त माझा. सेनगावच्या जीपमध्ये लोकांदेखत रडले.

औरंगाबादला आले तरी तेच. बशीत रेघ ओढायची, दुसऱ्या दिवशी बघावं तर पेशी चालत निघालेल्या. अगं बाई, काकांचंच खरं असलं तर? मला धड हो म्हणता येईना, धड नाही. चार महिने असे गेले. शेवटी लाज सोडून सरांना विचारलं. सर शांतपणे म्हणाले, "रागिणी, बशीत आपण ओरखडा काढतो. थर तिथंच राहतो. सर्जन गाठ अख्खी काढून नेतात."

एवढं साधं मला सुचू नये?

तशीच बाळापूरला गेले. काका एका शेतात वाघर लावत होते, मेंढरांभोवतीची जाळी. मी धापा टाकत म्हणाले, "काका, डॉक्टर खांडात हात घालत नाहीत. वाघरीसकट उचलतात. भोवतालचं चांगलं आतडंही थोडं घेतात, म्हणजे एकही मागं राहू नये."

काकांच्या हातातली दोरी थांबली.

"आं? मंग हे आदुगर काहून न्हाई सांगितलं?"

दुसऱ्याच आठवड्यात ऑपरेशन झालं. गाठ स्वच्छ निघाली. पण सर्जन बाहेर आले ते मान खाली घालून. यकृतावर, म्हणजे काळजावर, दोन ठिपके होते.

काकांनी शुद्धीवर आल्यावर पहिलं मलाच विचारलं, "आले का समदे वाघरीत?"

खोटं बोलायला तोंड उघडलं, पण जमलं नाही. "दोन पुढं गेलेत काका. काळजात."

मेंढरं कापलेला माणूस, काळीज म्हणजे काय ते त्यांना सांगावं लागलं नाही.

"कवा गेले? मी पळालो त्या चार महिन्यांत, का आदीच?"

हेच मी सर्जनना विचारलं होतं, फोन करून सरांनाही विचारलं होतं. दोघंही म्हणाले, सांगता येत नाही.

"माहीत नाही काका."

त्यांना राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि खरोखर नवल वाटून विचारलं, "तुला बी न्हाई ठाऊक? तू तर त्यांच्याच मागं हायेस ना, लेकरा?"