रंगीत चमकुरा

उदगीरच्या आमच्या गल्लीत गौसियाआपांच्या अंगणात ऊन येत नाही. शेजारी धान्याचं तीन मजली गोदाम उभं राहिलं, तेव्हापासून तिथं भर दुपारीही दिवा लावून शिवणयंत्र चालवावं लागतं. शाळेचे गणवेश शिवून त्यांनी दोन पोरींची लग्नं केली, पण त्या अंगणात साधा मोगरा त्यांना जगवता आला नाही. गुलाब गेला, जास्वंद गेली. "माझ्या आंगनात शेवाळ तेवढं खुश हाय," म्हणायच्या.

मग हैदराबादच्या बहिणीनं त्यांना कॅलेडियमचे पाच कंद दिले. पानं अळूच्या घाटाची, पण गुलाबी, पांढरी, लाल शिरांची. कडक उन्हात करपणारं आणि सावलीत खुलणारं हे झाड आपांच्या अंगणासाठीच घडवलेलं होतं. आपा मातीत बोट खुपसून ओल बघायच्या, मगच पाणी घालायच्या. दिवाळीनंतर पानं माना टाकायला लागली, तेव्हा मीच म्हणालो, मेलं की हो झाड.

"मेलं न्हाई, मृत्युंजयभाऊ. झोपलंय."

त्यांनी पाणी बंद केलं, कंद काढून वाळवले, गणवेशाच्या चिंध्यांत गुंडाळून ट्रंकेत ठेवले आणि मे सरता सरता पुन्हा मातीत घातले. नऊ वर्षांत पाचाचे साठ झाले. रंगाच्या बादल्या, तेलाचे डबे, जे मिळेल त्यात लावले. ज्याच्या घरात अंधार, त्याला आपा आपण होऊन एक कुंडी नेऊन द्यायच्या.

फक्त कॅलेडियम हे नाव कुणाच्या तोंडी बसेना. माझं गल्लीच्या तोंडाशी औषधांचं दुकान आहे आणि माझ्या जिभेला हाड नाही. आमच्याकडे अळूला चमकुरा म्हणतात. मी म्हणालो, "आपा, सरळ रंगीत चमकुरा म्हणा की." आपा खळखळून हसल्या आणि तेच नाव पडलं. ही पानं विषारी, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळं कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

समोरच्या पार्वतम्मांना मात्र ते ठाऊक नव्हतं. त्या दहा वर्षं लातूरला लेकाकडे होत्या, गेल्या श्रावणात परत आल्या. सत्तरीची एकटी बाई, घरात अंधार. आपांनी सगळ्यात भरलेली कुंडी उचलली आणि स्वतः नेऊन दिली. "अम्मा, रंगीत चमकुरा हाय. घरातच ठेवा, ऊन दावू नका." एवढंच बोलल्या. खाऊ नका, असं शोभेच्या झाडाबद्दल कोण सांगतं?

चौथ्या दिवशी दुपारी आपांची किंकाळी ऐकून मी दुकान तसंच टाकून धावलो. पार्वतम्मा आपल्या उंबऱ्यात बसल्या होत्या. ओठ सुजून दुप्पट झालेले, जीभ तोंडात मावत नव्हती, लाळ गळत होती आणि त्या नुसतं गळ्याकडं बोट दाखवत होत्या. आत चुलीवर भाजी होती. कुंडीत नुसते देठ उभे होते. ते देठ दिसले आणि आपा जागच्या जागी थिजल्या.

रिक्षात घालून त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, सूज आणखी वर सरकली तर श्वास बंद होईल. अम्मांनी चमकुरा समजून काय खाल्लं ते ऐकल्यावर भडकून विचारलं, "हे झाड चमकुरा आहे म्हणून कुणी सांगितलं यांना?"

मी तोंड उघडलं. माझ्या आधी आपा म्हणाल्या, "मी."

आणि मी तोंड मिटलं. दोन दिवस आपा दवाखान्याच्या बाकड्यावरून हलल्या नाहीत. पाणीसुद्धा मी बळंच पाजलं.

तिसऱ्या दिवशी सूज उतरली आणि पार्वतम्मांना आवाज फुटला. आम्ही दोघं खाटेजवळ होतो.

"गौसिया, चिंच कमी पडली गं माझी," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "पहिल्याच घासाला घसा लई खाजला. मग आनखी चिंच कोळून घातली आन् वाटीभर खाल्ली."

चमकुऱ्याला चिंच कमी पडली की घसा खाजतो, हे आमच्याकडं सगळ्यांना माहीत असतं. आपांनी विचारलं, "अम्मा, एवढी आग होत होती तर टाकून का न्हाई दिली?"

"तू एवढ्या मायेनं आनून दिलीस. कशी टाकू? आता दुसरी कुंडी दे. या बारीला नीट करते."

"अम्मा, तो चमकुरा न्हाई," मी म्हणालो. "विषारी हाय ते झाड. चमकुरा हे नाव मी ठेवलं. मस्करीत."

पार्वतम्मांनी आपांचा हात धरला. "बोलता येत नव्हतं, पर ऐकू येत होतं मला. डॉक्टरला तू 'मी' का म्हनालीस?"

आपांनी मान वर केली नाही. "दिलं तर मीच होतं ना, अम्मा."