देठ वर ठेवून

देवगडात माझ्या रोजच्या वाटेवर एक माणूस आंब्याच्या पेट्या ठोकत बसतो. तोंडात खिळे धरूनच बोलतो, म्हणून मोजकंच बोलतो. मला पुण्याच्या बहिणीला, तिला न सांगता, चावी दिली की गाणं वाजवणाऱ्या डब्यांचा संच पाठवायचा होता. मापाचा खोका कुठे मिळेना, म्हणून संच त्याच्याकडे नेला. त्याने एक डबी उलटसुलट बघितली.

"ह्येचो देठ खंय?"

मी चावी दाखवली. त्याने सगळ्या डब्या पेंढ्यात देठ वर करून निजवल्या आणि फळ्यांत फटी सोडल्या.

"ह्यांका वारो कित्याक?" मी विचारलं.

"गाण्याक नको?"

पुढे बहिणीचा फोन आला. "पेटी पोचली. खाटेखाली पिकत घातलीय."

त्याला हे सांगितलं, तेव्हा त्याने पहिल्यांदाच तोंडातले खिळे काढले.

"बरां केल्यान. उघडूची घाई करू नको म्हणान सांग."