रहीमभाईंचा नियम आणि शुक्रवारची खुर्ची

रहीमभाई मुकादम यांची आणि माझी पहिली भेट झाली ती आमच्या गाडीमुळे. बहरीनच्या जिदहफ्स भागातल्या ज्या गराजमध्ये ते फोरमन होते तिथे माझे यजमान आणि मी आमची जुनी गाडी घेऊन गेलो होतो. रहीमभाईंनी इंजिन चालू करायला लावले, क्षणभर ऐकले आणि बॉनेट खाली टाकले.

"खलास," ते म्हणाले.

"थोडं काम करून वर्षभर चालणार नाही का?" यजमानांनी विचारले.

"चालवीन की. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही भर रस्त्यात बंद गाडीत बसाल आणि मला शिव्या द्याल. त्यापेक्षा आत्ताच द्या आणि दुसरी गाडी बघा."

मला त्यांचे बोलणे उद्धट वाटले होते. पुढे त्याच गराजच्या ऑफिसात मी बरीच वर्षे काम केले आणि हे कळले की रहीमभाई मेलेल्या इंजिनाला जिवंत म्हणत नाहीत. गिऱ्हाईक ओळखीचे असो, मालकांचे नातेवाईक असो, उत्तर एकच असे. अनेक गिऱ्हाइके त्यामुळे दुसरीकडे गेली. बरीचशी परत आली, तीही टो करून.

त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी माझ्याकडे लेख मागितला तो इक्बाल सावंत यांनी. ते रायगडचे, मनामात एका शिपिंग ऑफिसात क्लार्क आहेत आणि आमच्या शुक्रवारच्या बैठकीचे जुने सभासद. लेख मागताना त्यांनी एक अट घातली. "बाई, तो खेळ संपत चाललाय, लोकांना आता आवडत नाही, असलं काही लिहू नका. शुभ प्रसंग आहे." मी ती अट मान्य केलेली नाही. खोटे बरे वाटणारे लिहायचे असते तर रहीमभाईंवर लिहायला मी योग्य नाही, आणि ते स्वतः असला लेख वाचून बॉनेट खाली टाकतील.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी खेळाविषयी थोडे सांगते. रत्नागिरीहून तरुणपणी रहीमभाई इंग्लंडला एका कारखान्यात काम शिकायला गेले. तिथल्या घरमालकांनी त्यांना गावच्या मैदानावर स्पीडवे बघायला नेले. अंडाकृती मातीचा ट्रॅक, चार स्वार, चार फेऱ्या. मोटारसायकलला गिअर एकच आणि ब्रेक अजिबात नाही. वळणावर मागचे चाक मुद्दाम घसरवत आडवे जायचे. एक शर्यत जेमतेम मिनिटभराची, आणि सामन्यात अशा अनेक. रहीमभाई वळणाच्या कठड्याला टेकून उभे राहत. तिथे ट्रॅकवरची लाल खडी अंगावर उडते, केसांत बसते, हातातल्या चहात पडते. तो चहा ते खडीसकट पीत असत, असे ते सांगतात आणि मी मानते, कारण इतर बाबतींतही त्यांचे तसेच आहे.

पुढे ते बहरीनला आले आणि इथलेच झाले. इथे दरवर्षी मोटारींच्या शर्यतीला जगभरातून लोक येतात. गराजच्या मालकांनी एकदा त्यांना त्या शर्यतीचे पास दिले. ते त्यांनी मलाच देऊन टाकले. "जाऊन या बाई. त्या गाड्यांना ब्रेक असतात," एवढेच कारण सांगितले.

इंटरनेटवर इंग्लंडचे सामने दिसू लागल्यावर त्यांच्या अदलियातल्या घरी बैठक सुरू झाली. सामना आदल्या दिवशी झालेला असे, आम्ही त्याचे चित्रण शुक्रवारी नमाज आणि जेवण उरकल्यावर पाहत असू. निकाल कोणी आधी बघू नये म्हणून सगळ्यांचे मोबाइल दारातच एका जुन्या कुकरमध्ये जमा होत. आणि बैठकीला एक नियम होता. इंग्लंडमध्ये गावोगावी या खेळाचे क्लब आहेत; प्रत्येकाने त्यातला एक आपला म्हणून घ्यायचा आणि तो जन्मभर बदलायचा नाही. ज्याचा क्लब त्या दिवशी खेळतोय त्याने मधल्या वेताच्या खुर्चीत बसायचे. ज्याचा क्लब कायमचा बंद पडला त्याने दुसरा घ्यायचा नाही. त्याने स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर बसून सामना बघायचा आणि सगळ्यांसाठी खायला आणायचे.

हा नियम रहीमभाईंनी केला तेव्हा तो गमतीचा वाटला होता. क्लब बंद पडतात हेच आम्हाला माहीत नव्हते.

रहीमभाईंनी अर्थातच आपल्या कारखान्याच्या गावचा क्लब घेतला होता. इक्बालनी कोळशाच्या खाणी असलेल्या गावचा घेतला. बँकेतले अरुण कुलकर्णी, मूळचे पुण्याचे, यांनी एका बंदराचा. मी क्लब घेणार नव्हते. मला त्या खेळात रस नव्हता. रहीमभाई म्हणाले, "क्लब नसेल तर खायला आणावं लागेल." तेव्हा मी डोंगराकडचा एक क्लब घेतला, कारण यादीत तो शेवटी होता. तो गुणतक्त्यातही बहुधा तिथेच असतो.

सर्वांत आधी गेला कुलकर्ण्यांचा क्लब. मैदान विकले गेले, तिथे घरे झाली. कुलकर्ण्यांनी दुसरा क्लब मागितला.

"जवळच्या गावचाच घेतो. फरक काय पडतो?"

"अदलियातला फ्लॅट सोडून अमवाज बेटावर राहायला गेलात तसं आहे का हे?" रहीमभाई म्हणाले. "क्लब म्हणजे भाड्याची जागा नाही, कुलकर्णी. स्टूल तिकडे आहे."

कुलकर्णी स्टुलावर गेले. ते अदलियातल्या बेकरीतून पॅटिस आणू लागले. काही हंगामांनंतर इक्बालचा क्लब गेला. तेही तिकडे गेले. त्यांचे समोसे पॅटिसपेक्षा बरे असत.

पण मैदाने विकली जाणे हा एक भाग झाला. जे क्लब उरले त्यांचे सामने बघतानाही खोलीतली मजा कमी होत होती आणि ते कोणी बोलत नव्हते. शर्यत मिनिटभराची आणि मग कितीतरी वेळ ट्रॅक्टर माती सारखी करतो आहे. सामना पावसाने रद्द झाला तर तेही आम्ही बसून पाहत असू. बाहेर डांबर मऊ पडेल असे ऊन आणि पडद्यावर छत्र्या. "एवढ्याला आमच्या रत्नागिरीत पाऊस म्हणत नाहीत, घाम म्हणतात," असे रहीमभाई चिडून म्हणत. चांगले स्वार दुसऱ्या देशांतल्या लीगकडे वळले होते. एखादा जखमी झाला की त्याच्या जागी दुसऱ्या क्लबचा स्वार एका दिवसापुरता पाहुणा म्हणून उतरे. इंग्लंडमध्ये मैदानावर येणारे जुने लोकही आता कमी दिसत. कॅमेरा कठड्यावरून फिरला की रिकामे कठडे दिसत. खेळावर टीका झाली की रहीमभाई त्याची बाजू मांडत. माझ्या मते ती बाजू दर हंगामात तोकडी होत होती.

एका शुक्रवारी त्यांच्या पत्नी, सकीनाभाभी, सरबत घेऊन बाहेर आल्या. त्यांनी कधी बसून सामना पाहिलेला नाही, येता-जाता नजर टाकतात तेवढीच. ट्रे ठेवता ठेवता पडद्याकडे बघून म्हणाल्या, "हा पोरगा गेल्या जुम्म्याला तुमच्यात होता ना?"

"होता. पाहुणा होता," रहीमभाई म्हणाले.

"आणि आज?"

"आज समोरच्यांचा पाहुणा."

"जो तो पाहुणा! मग यजमान कोण?"

कुलकर्णी मोठ्याने हसले. रहीमभाई हसले नाहीत. त्यांनी सरबताचा ग्लास उचलला. त्यानंतर दोनच शर्यती झाल्या असतील, वेताच्या खुर्चीत त्यांना झोप लागली. त्यांच्याच क्लबचा सामना चालू होता. आवाज बारीक करायची कोणाची हिंमत झाली नाही. जाग आली तेव्हा आम्ही सगळे न पाहिल्यासारखे बसलो होतो.

"झोप लागली मला," ते म्हणाले. "ब्रेक नसलेल्या गाड्या फिरतायत आणि मला झोप लागली. खोटं कशाला बोलू? पूर्वीसारखं आवडत नाही आता."

असे बोलायला किती जड गेले असेल याची कल्पना त्यांच्याबरोबर काम केलेल्यांनाच येईल. तरुणपणापासून जपलेली गोष्ट होती. तिच्याविषयीही त्यांनी गिऱ्हाइकाला सांगावे तसे स्वतःला सांगितले.

गेल्या हंगामाच्या शेवटी त्यांच्या क्लबचे मैदानही गेले. शेवटचा सामना आम्ही पाहिला. स्वारांनी ट्रॅकवरून हळू फेरी मारली, लोकांनी खिशात खडी भरून नेली. रहीमभाईंनी पडदा बंद केला, कुकर दारातून उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवला आणि "यल्ला, घरी जा सगळे," म्हणाले.

हिवाळ्यात सामने नसतात. त्या काळात प्रश्न एकच होता. रहीमभाई बैठक पुढे चालवणार की दार बंद करणार? इक्बालनी आणि कुलकर्ण्यांनी त्यांना दुसरा क्लब घ्यायची गळ घातली. "नियम तुमचा, तुम्हीच मोडा. आमची हरकत नाही." सकीनाभाभींनी मला फोन करून सांगितले की जुम्म्याला दुपारी ते नुसते खोलीत येरझाऱ्या घालतात, मुलगा म्हणतो रत्नागिरीला चला, तर त्याला हो पण म्हणत नाहीत आणि नाही पण. त्यांच्या आवाजात काळजी होती. बैठक बंद पडली तर हा माणूस इथे कशासाठी राहील, असे त्यांना विचारायचे होते. त्यांनी विचारले नाही.

इथे मला थोडे मागे जायला हवे. खूप वर्षांपूर्वी माझ्या यजमानांची नोकरी अचानक गेली. आमचा व्हिसा त्यांच्या नोकरीवर होता, आणि मुलाचे शाळेचे शेवटचे वर्ष चालू होते. ही बातमी रहीमभाईंना कोणी सांगितली ते मला कळले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या दारात उभे होते.

"तुम्ही कॉलेज शिकलेल्या ना? टायपिंग येतं?"

"नाही," मी म्हणाले.

"मग शिका. मालकांशी बोललोय, ऑफिसला माणूस हवाय. व्हिसा तुमच्या नावाने करू."

"असले उपकार मला नकोत."

"उपकार कसले? तुम्ही भांडखोर आहात. वसुलीला मला भांडखोर माणूस हवाय."

मुलाची शाळा पुरी झाली. टायपिंग मला आले. त्यांनी पुन्हा कधी या गोष्टीचा उल्लेख केला नाही, आणि या लेखात तो केला म्हणून ते माझ्यावर रागावतील. रागावोत.

या वर्षी हंगाम सुरू झाला त्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "बाई, जुम्म्याला तुमच्या क्लबचा सामना आहे. वेळेवर या."

तोवर माझ्या लक्षात आले नव्हते. चौघांत आता फक्त माझा क्लब चालू होता. जिला क्लब नको होता तिचाच उरला होता.

मी गेले तेव्हा कुकर दारात होता. इक्बाल आणि कुलकर्णी आपापल्या स्टुलावर होते, त्यांच्या शेजारी तिसरे स्टूल मांडलेले होते आणि वेताची खुर्ची रिकामी होती. रहीमभाई स्वयंपाकघरातून परात घेऊन आले. परातीत कांद्याची भजी होती. भाभी दारात तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. "मला आत येऊ दिलं नाही," त्या म्हणाल्या. "नियम म्हणे. ज्याचा क्लब गेला त्यानेच खायला करायचं."

"आणायचं असा नियम आहे. करायचं असा नाही," कुलकर्णी म्हणाले.

"तुम्ही बेकरीतून आणलंत, मी शेगडीवरून आणलं. खा गुपचूप." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बसा बाई. खुर्ची तुमची आहे."

भजी बाहेरून काळी आणि आतून कच्ची होती. आम्ही ती खाल्ली. माझा क्लब पहिल्या शर्यतीपासून हरत होता. मध्ये ट्रॅक्टर आला तेव्हा मी त्यांना विचारले, "रहीमभाई, आवडत नाही म्हणालात. मग हे कशासाठी?"

"आवडत नाहीच," ते स्टुलावरून म्हणाले. "पण क्लब तुमचा आहे. एकट्या बसून बघाल काय?"

मला तो क्लब कधी आवडला नाही, घरी एकटीने मी तो कधीही पाहिला नसता, आणि हे त्यांना चांगले माहीत आहे. तरी मी पुढच्या शुक्रवारी गेले. त्याच्या पुढच्याही गेले. रत्नागिरीला जायचा विषय तूर्त मागे पडला आहे असे भाभी सांगतात.

रहीमभाई पंच्याहत्तर वर्षांचे झाले. गराजचे मालक अजूनही अवघड इंजिन आले की त्यांना बोलावतात आणि ते बॉनेट उघडून खरे ते सांगतात. त्यांचे कान, गुडघे आणि जीभ आहेत तशीच राहोत. माझ्या क्लबच्या मैदानावरही घरे होणार अशी बोलणी चालू असल्याचे कुलकर्णी आनंदाने सांगत असतात. तसे झाले तर नियमाप्रमाणे त्या खोलीत चार स्टुले असतील, चार जणांचे खाणे असेल, आणि बघायला काहीही नसेल. त्या शुक्रवारीही अदलियातले ते दार उघडे असावे, कुकर दारात असावा आणि दारापर्यंत रहीमभाई स्वतःच्या पायांनी यावेत, पुढची पुष्कळ वर्षे यावेत, एवढी माझी इच्छा आहे. भजी मात्र भाभींनी करावीत.